बोळातली पट्टी

निरगुडसरच्या एक वाचक भगिनी विचारतात, ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंतच्या बोळात कोणती पट्टी घालावी? मैत्रिणींनो, तागाची दिसते छान, पण पावसाळ्यात ओल्या पायांनी तिच्यावर पिवळट डाग पडतात, धागाही कमजोर होतो. दाराशी काथ्याच बरा; चिखल वाळू द्यावा, मग उलटी करून झोडपावी. आत सोलापुरी सतरंजीसारखी सुती पट्टी घाला, धुता तरी येते! दोन्ही कडांना ४ बोटे फरशी मोकळी सोडा. चहा सांडला तर चोळू नका, सुक्या फडक्याने टिपा. मात्र सुती पट्टी हलकी, गुळगुळीत फरशीवर सरकते. घरात वयस्कर सासूबाई असतील तर खुब्याच्या हाडाची धास्ती. खाली रबराची जाळी घातल्याशिवाय ती अंथरूच नका, बरं का!