तायक्वांदोचा क्लास : बेल्ट पाहू नका, सर पाहा

शाळा सुरू झाल्या की जून-जुलैत वस्तीच्या तोंडाशी, रिक्षा स्टँडच्या खांबांवर आणि कधी कधी विहाराच्या भिंतीवरही तायक्वांदोच्या क्लासचे फलक दिसू लागतात. हवेत उडी घेतलेला मुलगा, मागे कोरियाचा झेंडा, खाली मोबाइल नंबर आणि 'ब्लॅक बेल्टची हमी'. पाठोपाठ पालकांचे प्रश्न आमच्याकडे येतात. मुलीला घालावे का? हाडेबिडे मोडणार नाहीत ना? फी वाजवी आहे की लुटतात? आणि हल्ली आणखी एक प्रश्न येतो, जो आम्हाला जास्त आवडतो : आपल्याच सभागृहात असा क्लास सुरू करता येईल का?

मुलांना जरूर घाला, मुलींना तर आधी घाला, असे आमचे मत आहे. दिवसभर बाकावर आणि रात्री मोबाइलवर वाकलेल्या पोरांना आठवड्यातून तीन दिवस तासभर घाम गाळायला मिळाला तर तेवढ्यानेही पुष्कळ साधते. तोल, लवचिकता, दम, मोठ्याने आवाज काढण्याची सवय, हे सगळे येते. पण क्लास निवडताना बेल्ट आणि पदके मोजू नका. त्या क्लासमधल्या सगळ्यात मंद, सगळ्यात जाड किंवा सगळ्यात घाबरट मुलाशी सर कसे वागतात ते पाहा. चांगल्या मुलांना कुणीही शिकवतो.

फलकावरचा इतिहास आधी बाजूला ठेवू. 'दोन हजार वर्षांची कोरियन परंपरा' असे छापलेले असते. कोरियात लाथांचे जुने खेळ होते, हे खरे. पण आज क्लासमध्ये शिकवतात तो तायक्वांदो विसाव्या शतकातला आहे. १९१० ते १९४५ कोरियावर जपानची सत्ता होती. त्या काळात जपानमध्ये जाऊन कराटे शिकलेल्या काही कोरियन तरुणांनी परत येऊन शाळा काढल्या. सोलमध्ये १९४४ साली ली वोन-कुक यांनी काढलेली 'चुंग दो क्वान' ही त्यातली एक. 'तायक्वांदो' हे नाव १९५५ साली ठरले. काही सर आणखी पुढे जाऊन सांगतात की बोधिधर्माने ही विद्या भारतातून नेली, म्हणजे ती मुळात आपलीच. ऐकायला गोड वाटते. पण ती कथा ज्या चिनी ग्रंथावर उभी आहे तो सतराव्या शतकातला, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारभर वर्षांनी आलेला. जो सर इतिहास असा वाढवून सांगतो तो फीच्या पावतीवर काय सांगत असेल, याचा विचार करावा.

बौद्ध वाचकांना सांगण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे. सरावाच्या जागेला कोरियन भाषेत 'दोजांग' म्हणतात. जपानीत त्याच अक्षरांचा उच्चार 'दोजो'. चिनी बौद्ध ग्रंथांत हीच अक्षरे 'बोधिमंड' या शब्दासाठी वापरली गेली. बोधिमंड म्हणजे सिद्धार्थ गौतमाला संबोधी झाली ती जागा. कोरियातल्या बौद्ध विहारांत ती अक्षरे आजही वाचतात, फक्त उच्चार 'दोर्यांग' असा करतात. तेव्हा विहाराच्या सभागृहात लाथा कसल्या मारता, असे कुणी ज्येष्ठ उपासक म्हणाले तर त्यांना हे जरूर सांगा.

आता क्लास कसा पाहायचा. पैसे भरण्याआधी एक पूर्ण तास तिथे बसा. पालकांना बसू देत नाहीत, 'मुलांचे लक्ष विचलित होते' असे सांगतात, तिथून उठून या. दार उघडे किंवा काचेचे असावे. मुलींना शिकवताना दुसरी एखादी मोठी व्यक्ती, शक्यतो स्त्री, हजर असावी. पाय कुठे हवा हे सांगून दाखवता येते. हात लावायचाच असेल तर आधी विचारून. चुकीच्या स्पर्शाची गोष्ट कानावर आली तर क्लासची बदनामी होईल म्हणून आपापसात मिटवू नका. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन मोफत आहे.

आणखी एक छोटी खूण आहे. क्लासच्या सुरुवातीला आणि शेवटी मुले कमरेत वाकून सरांना अभिवादन करतात. 'आम्ही माणसापुढे का वाकायचे' असा प्रश्न आपल्या घरांतून येतो आणि तो योग्यच आहे. पण कोरियन पद्धतीत हे अभिवादन परस्परांचे असते. मुले वाकतात तसे सरही मुलांना वाकून उत्तर देतात, आणि लढतीआधी दोन्ही खेळाडू एकमेकांना वाकतात. आपले सर वाकतात का, पाहा. नुसते हात मागे बांधून उभे राहत असतील, पाय धरायला लावत असतील, वाढदिवसाला भेटी गोळा करत असतील, तर तिथे कोरिया नाही, द्रोणाचार्य आहे. अंगठा मागणारे गुरू आपल्याला नवे नाहीत.

बेल्टचे गणित पालकांना कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत दहा पायऱ्या असतात, त्यांना 'गप' म्हणतात. दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा, परीक्षेची फी वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, नव्या बेल्टची वेगळी. हे रंगीत बेल्ट क्लास स्वतः देतो आणि क्लासबाहेर त्यांना फारशी किंमत नाही. सोलमधली 'कुक्कीवोन' ही संस्था १९७२ साली सुरू झाली. ती नोंद ठेवते ती काळ्या बेल्टची : पंधरा वर्षांखालच्या मुलांना 'पूम', त्यावरच्यांना 'दान'. त्या प्रमाणपत्रावर क्रमांक असतो आणि तो कुक्कीवोनच्या संकेतस्थळावर तपासता येतो. सरांना त्यांचा क्रमांक विचारायला लाजू नका. पहिल्या दानपासून चौथ्या दानपर्यंत जायला नियमानुसारच किमान सहा वर्षे लागतात. त्यामुळे पंचविशीतले सर 'सहावा दान' सांगू लागले तर तो क्रमांक नक्की तपासा.

जनरल चोई होंग ही यांनी १९६६ साली काढलेली आंतरराष्ट्रीय संघटनाही आहे. तिचे प्रमाणपत्र वेगळे, लढतीचे नियम वेगळे. ती खोटी नाही. पण २००० च्या सिडनीपासून ऑलिंपिकमध्ये पदकासाठी जो तायक्वांदो खेळला जातो तो १९७३ साली स्थापन झालेल्या दुसऱ्या संघटनेच्या नियमांचा. आपल्या देशात तर आपणच खरे राष्ट्रीय महासंघ, असे म्हणणारे एकाहून जास्त आहेत. क्लास कोणत्या घराण्याचा आहे हे सुरुवातीलाच विचारा. शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण डोळ्यांसमोर ठेवून पालक पैसे ओततात. ते आरक्षण कुठल्याही चषकाच्या प्रमाणपत्रावर मिळत नाही. ती स्पर्धा मान्यताप्राप्त असावी लागते आणि प्रमाणपत्राची क्रीडा खात्याकडून पडताळणी होते. बाहेरगावच्या स्पर्धेची फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात एकदा विचारून या. बसभाडे वाचेल.

ब्लॅक बेल्टची फार नवलाई नको. कोरियात रोज क्लासला जाणाऱ्या मुलाला साधारण वर्ष-दीड वर्षात पहिला पूम मिळतो. तिथे तो शिक्षणाची सुरुवात मानतात.

आता आरोग्याचे. आमच्या दृष्टीने सर्वांत मोठा धोका लाथेचा नाही, शिक्षेचा आहे. उशीर झाला म्हणून शंभर उठाबशा, पाणी मागितले म्हणून मैदानाला दहा फेऱ्या. याला काही सर शिस्त म्हणतात. विदर्भातल्या वाचकांनी पुढचे दोनदा वाचावे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात आदिवासी बांधवांबरोबर आपल्या समाजातही सिकलसेल मोठ्या प्रमाणात आहे. आजार असलेल्या मुलाला उन्हात, तहानलेल्या अवस्थेत दमवले तर तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. नुसता वाहक असलेला मुलगा एरवी ठणठणीत असतो, खेळायला त्याला कसलीच बंदी नाही. पण उष्णता, पाण्याची कमतरता आणि न थांबता करवून घेतलेली मेहनत हे तिन्ही एकत्र आले तर त्याचे स्नायू आतून तुटू लागतात, आणि त्यात जीवही गेलेले आहेत. म्हणून क्लासला घालण्याआधी सरकारी दवाखान्यात सिकलसेलची तपासणी करून घ्या. पहिली चाचणी सदोष आली तर वाहक की आजारग्रस्त हे दुसऱ्या चाचणीने कळते. आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्लास नको. वाहक असेल तर सरांना लेखी सांगा : पाणी हवे तेव्हा, विश्रांती हवी तेव्हा, आणि पहिले काही आठवडे मेहनत हळूहळू वाढवत. हे ऐकून जे सर 'असली नाजूक मुले नकोत' म्हणतील, त्यांच्याकडे धडधाकट मूलही पाठवू नका. दमा, फिट, हृदयाची जन्मजात तक्रार हेही असेच लेखी द्यावे.

दुसरे डोक्याचे. लढतीत छातीवरच्या चिलखतावर लाथ बसली तर दोन गुण आणि डोक्यावर बसली तर तीन. साहजिकच सराव डोक्याकडे वळतो. हेल्मेटमुळे खोक पडणे वाचते, पण आतला मेंदू हलायचा राहत नाही. डोक्याला मार लागून मूल क्षणभर जरी भांबावले तरी त्या दिवशी त्याने पुन्हा मॅटवर उतरायचे नाही. स्पर्धा अंतिम फेरीत असली तरी नाही. उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, बरळणे, नको तेव्हा झोप येणे, यातले काही दिसले की थेट रुग्णालय. आठ-दहा वर्षांच्या मुलांना डोक्यावरच्या लाथांच्या लढती खेळवूच नयेत असे आम्हाला वाटते. पॅडवर लाथ मारून तेवढाच आनंद मिळतो.

पाय फाकवून बसवताना खांद्यावर बसणारे, मांड्या दाबणारे सर आम्ही पाहिले आहेत. मूल रडते आणि बाकीचे हसतात. वाढत्या वयात कमरेच्या हाडाला जिथे स्नायू चिकटलेला असतो तिथला तुकडाच सुटून येऊ शकतो. लवचिकता महिन्यांनी येते, दाबून येत नाही. आणि वजनगटात बसण्यासाठी मुलांना उपाशी आणि कोरडे ठेवणे हा तर गुन्हाच समजा. आपल्या मुलींमध्ये आधीच रक्त कमी. क्लासनंतर केळे, भिजवलेले चणे, शेंगदाणा-गूळ एवढे तरी पोटात गेले पाहिजे. डब्यातल्या पावडरीची गरज नाही.

आणि ते सात दिवसांचे 'मुलींसाठी स्वसंरक्षण शिबिर'? शेवटच्या दिवशी कौले फोडतात, पाहुण्यांचे भाषण होते, फोटो येतात. सात दिवसांत शरीराला सवय लागत नाही. मुलीला मात्र खोटा भरवसा मिळतो आणि उद्या काही घडले तर 'तू शिकली होतीस ना' असे म्हणायला लोक मोकळे होतात. तेवढ्याच पैशांत वर्षभराच्या क्लासला मॅट येतील.

मॅटचा विषय निघालाच आहे तर आपल्या सभागृहातल्या क्लासबद्दल बोलू. शहाबादी फरशीवर उड्या मारायला लावू नका, गुडघे आणि टाचा जातात. एकमेकांत अडकवायच्या फोमच्या मॅट लागतात, आणि लग्नाच्या बुकिंगच्या दिवशी त्या कुठे रचून ठेवायच्या हे कमिटीने आधीच ठरवावे. यावरून भांडणे होऊन बंद पडलेले क्लास आम्हाला माहीत आहेत. प्रत्येक मुलाचा एक कागद हवा : आजार, पालकांचा फोन, जवळचा दवाखाना. प्रथमोपचाराची पेटी आणि रात्री कुणाची गाडी मिळेल हेही. कोरियात क्लासच्या पिवळ्या व्हॅन मुलांना शाळेतून आणतात आणि घरी सोडतात. अशा गाड्यांत चालकाखेरीज एक मोठा माणूस असलाच पाहिजे असा कायदा तिथे २०१५ पासून आहे. आपल्याकडे एका रिक्षात बारा पोरे कोंबून पाठवताना एवढे तरी आठवावे.

पण क्लास टिकतो की नाही हे ठरते सरांच्या मानधनावर. आपल्याकडे 'समाजकार्य आहे, फुकट शिकवा' म्हणण्याची रीत आहे. वस्तीतला एखादा पोरगा काळा बेल्ट घेऊन येतो, सहा महिने उत्साहाने शिकवतो, मग नोकरी लागते किंवा लग्न ठरते आणि क्लास संपतो. फुकटच्या माणसाला वेळेवर ये असेही म्हणता येत नाही. आमचे म्हणणे असे की सरांना ठरलेले मानधन महिन्याच्या महिन्याला द्यावे आणि ते फीतून यावे. ज्या घराला फी झेपत नाही तिथल्या मुलाची फी कमिटीने भरावी, आणि कुणाची भरली हे फक्त खजिनदाराला माहीत असावे. बेल्ट परीक्षेतून सरांची कमाई होता कामा नये, नाहीतर दर तीन महिन्यांनी सगळेच पास होतात. परीक्षा वर्षातून दोन पुरेत. जमाखर्च दर महिन्याला फलकावर लावावा. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब आपण मागतोच ना, तसा हाही मागावा.

वेळ ठरवताना मात्र आधी मुलींच्या आयांना विचारा. सात ते आठ ही वेळ सरांना आणि मुलांना सोयीची असते, म्हणून तीच ठरते. मग दिवाळीनंतर अंधार लवकर पडू लागला की मुली एकेक करून गळतात आणि 'मुलींना आवडच नाही' असा निष्कर्ष निघतो. साडेपाचला ठेवा, किंवा रविवारी सकाळी वंदनेनंतर, जेव्हा आया तशाही सभागृहात असतात.