उंदीर नर होता की मादी?

आपल्या गटांच्या आरोग्य शिबिरांत अंगदुखीची तक्रार घेऊन किती बायका येतात, ते तुम्हांला सांगायला नको. कंबर, मान, गुडघे, काहींचं तर नुसतं 'सगळं अंग दुखतंय'. तपासणीत काही निघत नाही. मग ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या जातात आणि वर सल्ला मिळतो, 'बाई, मनाला फार लावून घेऊ नका.' म्हणजे दुखणं खरं नाही, बाईच हळवी! कामाचा बोजा, अंगात रक्त कमी असणं, मारहाण या कारणांबद्दल आपण आजवर पुष्कळ बोललो. आज मला याच प्रश्नाची प्रयोगशाळेतली बाजू मांडायची आहे. विषय जरा किचकट आहे, पण आपण याहून किचकट गोष्टी समजून घेतल्या आहेत.

सुरुवात एका बाईपासूनच करावी लागते. रीटा लेवी-मोंतालचिनी. जन्म १९०९, इटलीतल्या तुरीन शहरात. मुलींनी उच्च शिक्षण घेतलं तर संसारात अडथळा येतो, असं वडिलांचं मत. (तिथंही हेच!) तिनं हट्टानं परवानगी मिळवली, १९३६ साली डॉक्टर झाली. लग्न करायचं नाही हेही ठरवलं. १९३८ साली मुसोलिनीच्या वंशविषयक कायद्यांनी ज्यूंना विद्यापीठांची दारं बंद केली. रीटा ज्यू होती. तिनं झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भावर काम सुरू केलं. बॉम्ब पडू लागले तेव्हा बिऱ्हाड खेड्यात हललं, तिथंही एका कोपऱ्यात हेच काम. सायकलवरून शेतकऱ्यांकडे जाऊन 'घरच्या लेकरांसाठी' म्हणून ती अंडी विकत आणायची.

त्या खोलीत तिला काय दिसलं? गर्भाच्या पायाचा कोंब काढून टाकला, की त्याच्याकडे जाणाऱ्या चेतापेशी तयारच होत नाहीत, असा तेव्हा समज होता. रीटाला दिसलं, की पेशी तयार होतात, वाढूही लागतात आणि मग मरतात. म्हणजे जगण्यासाठी त्यांना त्या अवयवाकडून काहीतरी मिळावं लागतं. युद्ध संपल्यावर, १९४७ साली, ती अमेरिकेत सेंट लुईसला गेली. १९५२ साली ब्राझीलमधल्या रिओमध्ये हर्था मायर या बाईंच्या मदतीनं तिनं उंदराच्या गाठीचा तुकडा चेतापेशींजवळ ठेवून पाहिला, तर पेशींतून सूर्यकिरणांसारखे तंतू चहूकडे फुटले. (हर्था मायरचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून इथं मुद्दाम लिहिते.) पुढे स्टॅन्ली कोहेन यांनी तो पदार्थ वेगळा काढला. त्याचं नाव नर्व्ह ग्रोथ फॅक्टर. आपण त्याला वाढघटक म्हणू. १९८६ साली रीटा आणि कोहेन यांना नोबेल मिळालं.

१९८२ साली बार्ड आणि थोनेन यांनी डुकराच्या मेंदूतून याच कुळातला आणखी एक वाढघटक मिळवला, बीडीएनएफ. याचं काम पेशी जगवण्यापुरतं नाही. दोन चेतापेशी जिथं एकमेकींना भिडतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. निरोप याच सांध्यातून पुढे जातो. १९९५ साली एरिन शूमन यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं, की मोठ्या झालेल्या उंदराच्या मेंदूतही बीडीएनएफ दिलं तर सांध्यातून जाणारा निरोप बळकट होतो आणि काही तास तसाच राहतो. आपलं शिकणं, लक्षात ठेवणं यांतही या वाढघटकाचा हात आहे.

आता दुखण्याकडे येऊ, कारण दुखण्याचा निरोपही अशाच सांध्यांतून जातो. नस दुखावल्यावर जखम भरली तरी ठणका का राहतो? २००५ साली कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी उत्तर दिलं. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी असतात. नस दुखावली की त्या बीडीएनएफ सोडतात. त्यामुळे दुखण्याला आवर घालणारे सांधे उलटे वागू लागतात, आणि साधा स्पर्शही बोचतो. फार सुंदर शोध होता. दुखण्यावरच्या नव्या औषधांचा रस्ता सापडला असं वाटलं.

फक्त ते सारं काम नर उंदरांवर उभं होतं.

२०१५ साली कॅनडातल्याच गटांनी तोच प्रश्न माद्यांनाही लावला. मायक्रोग्लियाला अडवलं की नरांचं दुखणं उतरलं, माद्यांचं उतरलं नाही. माद्यांना दुखत तितकंच होतं, पण त्यांचा मार्ग दुसरा, बहुधा रक्तातल्या टी पेशींचा. म्हणजे नरांवर बेतलेलं औषध बाईला लागू पडलं नाही तर दोष कुणाचा? ती मात्र ऐकणार, 'मनाला लावून घेऊ नका.'

नरच का घेतात? कारण ऐकण्यासारखं आहे. मादीचं चक्र! संप्रेरकांच्या चढउतारामुळे निष्कर्ष डळमळतात म्हणे. १९९० साली कॅथरीन वूली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की मादी उंदराच्या चार-पाच दिवसांच्या चक्राबरोबर तिच्या मेंदूच्या एका भागात, जिथं सांधे जुळतात ते सूक्ष्म काटे, सुमारे ३० टक्क्यांनी कमी-जास्त होतात. मोठ्या झालेल्या मेंदूची ही केवढी तरी ताकद! पण मादी म्हणजे कटकट, हा समज काही हलला नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मेंदूविज्ञानात फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास निघाले. पुढे २०१४ साली २९३ शोधनिबंधांतले आकडे ताडून पाहिले, तर माद्यांची मोजमापं नरांपेक्षा जास्त डळमळती नव्हतीच. पाळीची सबब आपल्याला नवी नाही. स्वयंपाकघरापासून देवळापर्यंत ऐकलेली आहे. ती सूक्ष्मदर्शकाखालीही असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

याच्या शेजारी आपल्याकडचा इतिहास ठेवून पाहा. नोबेलच्याच वर्षी, १९८६ साली, हैदराबादच्या स्त्रीशक्ती संघटनेनं इतर गटांबरोबर नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. गर्भ रोखायचा प्रयोग असला की गरीब बाईचं शरीर हाताशी असतं. तिच्या कंबरेचं दुखणं समजून घ्यायचं तर मादी उंदीरसुद्धा चालत नाही.

अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेनं २०१६ पासून, प्राण्यांवरच्या प्रयोगातही नर-मादी दोन्हींचा विचार करा, अशी अट संशोधनाच्या पैशाला घातली. आपल्याकडे सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनालाही ती मागणी करावी, असं माझं मत आहे.

काही मैत्रिणींना भीती वाटते ती मला कळते. नर-मादीत फरक आहेत असं आपणच म्हणू लागलो, तर 'बाईची अक्कल वेगळी' म्हणणारे टपलेलेच आहेत. पण दुखण्याचा निरोप कुठल्या पेशींमार्फत जातो यावरून कुणाला गणित येतं हे ठरत नाही. गप्प राहिलो तर ते बोलायचे थांबणार नाहीत, फक्त औषध चुकीचं मिळत राहील. मी तो धोका पत्करायला तयार आहे.

पुढच्या शिबिरात येणाऱ्या डॉक्टरांना आम्ही विचारणार आहोत, की ही जी गोळी लिहून देता, ती बायकांवर वेगळी तपासली आहे का? तुमच्या गावातही विचारा. काय उत्तर मिळतं ते जरूर कळवा.