पाणी शुद्ध, बोटे अशुद्ध

पावसाळा सुरू झाला की जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढतात आणि पहिला दोष जातो तो गावच्या टाकीला. तो अनेकदा योग्यही असतो. फुटक्या जलवाहिनीत गटाराचे पाणी शिरले तर अख्खी आळी आजारी पडते. पण टाकीत टीसीएल पावडर वेळेवर पडते, घरी पाणी गाळून-उकळून घेतले जाते आणि तरीही त्याच घरातले मूल पुन्हा पुन्हा जुलाबाने हैराण होते, याला काय म्हणावे? माझे मत असे, की याचे उत्तर पुष्कळदा माठापासून ओठापर्यंतच्या दोन हातांच्या अंतरात सापडते.

घरोघरचा माठ पाहा. झाकणावर एक पेला पालथा घातलेला असतो. येणारा-जाणारा तोच पेला बोटांसकट आत बुडवतो. कोणी नुकताच शौचाहून आलेला, कोणी नोटा मोजून आलेला, कोणी बाळाची दुपटी धुऊन आलेली. उकळलेल्या पाण्यात क्लोरीन उरत नाही. त्यामुळे नंतर पडलेल्या जंतूंना आवर घालणारे त्यात काहीच नसते. आमांश घडविणाऱ्या शिगेला जातीचे अवघे १० ते १०० जंतू रोग जडवायला पुरतात. नखाखालच्या मळात तेवढे सहज मावतात.

घराबाहेर याहून वाईट. हॉटेलातला पोऱ्या चार ग्लासांत चार बोटे बुडवून पाणी आणतो, त्याच हातात टेबल पुसायचे ओले फडके असते आणि आपण मुकाट्याने ते पाणी पितो. लग्नाच्या पंगतीतही तेच. पुण्य लागावे म्हणून बांधलेल्या पाणपोईवर देणगीदाराचे नाव ठळक असते. पण रांजणाला तोटी नसते.

‘आमचे आजोबा असेच पाणी पिऊन ऐंशी वर्षे जगले,’ असे मला नेहमी ऐकवले जाते. जगले, आनंद आहे. पण आजोबांची जी भावंडे पाळण्यातच गेली, ती आपली हकिगत सांगायला उरली नाहीत!

जुन्या स्वयंपाकघरात पाणी घ्यायला लांब दांड्याचे ओगराळे असे आणि उष्ट्या भांड्याला माठाजवळ थारा नसे. सोवळ्याच्या नावाखाली माणसाला पाण्यापासून दूर ठेवणारी रीत अन्यायाचीच होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला, तो त्याचमुळे. ती रीत जायलाच हवी. पण तिच्याबरोबर ओगराळेही अडगळीत टाकण्याचे कारण नव्हते. जंतू जात विचारत नाहीत, ते फक्त हात धुतला की नाही एवढेच पाहतात.

हातांचे हे महत्त्व काही नवे नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तरीही त्या काळच्या बहुतेक डॉक्टरांनी त्यांचे ऐकले नाही. २०२० साली करोनाच्या धास्तीने आपण दिवसातून दहादा हात धुतले. भीती सरली, सवयही सरली.

उपाय खर्चाचे नाहीत. माठ तोटीचा घ्यावा, नाहीतर दांड्याचे ओगराळे वेगळे टांगून ठेवावे. माठ रोज घासून धुवावा. शौचानंतर, बाळाचे ढुंगण धुतल्यावर, स्वयंपाकापूर्वी आणि जेवणापूर्वी वीस सेकंद साबणाने हात धुवावेत. साधा साबण पुरतो. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांतील १९ द्रव्यांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बंदी घातली. साध्या साबणापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होतो, हे उत्पादकांना दाखवता आले नव्हते.

आणि पाणपोई बांधणाऱ्यांना, शाळेच्या समित्यांना माझी विनंती आहे : नावाची पाटी थोडी लहान करा, पण रांजणाला तोटी बसवा. खरे पुण्य त्या तोटीत आहे.