बिनदाराच्या घरातले पाहुणे

आमची आत्या शनिशिंगणापूरची. हे सांगितले की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग तिच्या घराला खरंच दार नाही?" नाही. चौकट आहे, चौकटीला पडदा आहे, दार नाही. अलीकडे गावात पुष्कळ फरक पडला. २०११ साली तिथे बँकेची शाखा निघाली, ती बिनकुलपाची म्हणून वर्तमानपत्रांत गाजली. आणि त्याच सुमारास गावातल्या चोरीच्या तक्रारीही पोलिसांत नोंदल्या गेल्या. आत्याने आपला शिरस्ता मात्र मोडलेला नाही. पण वाचकहो, आज मला सांगायचे आहे ते घराविषयी नाही, घरामागच्या परसाविषयी. आणि त्या परसात मी केलेल्या एका उद्योगाविषयी. त्याची कबुली द्यायला मला पुरते एक वर्ष लागले.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही आत्याकडे गेलो. वडील होते तोवर ते जात, आता त्यांच्या वतीने मी जातो. परसात वांगी होती, लिंबू होते, कढीपत्ता होता आणि मांडवावर वालाचा वेल होता. हा वाल साधा नव्हे. त्याचे बी आत्याला तिच्या सासूने दिलेले. दरवर्षी चार-सहा शेंगा ती वेलावरच वाळू देते आणि दाणे राखेत घोळून डब्यात ठेवते. त्या बियांना चाळीसाहून अधिक वर्षे झाली आणि बाजारात ते कुठे मिळत नाही, हे तिच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

सकाळी आत्या माझ्या मुलीला घेऊन देवाला तेल घालायला गेली. मी चहाचा पेला घेऊन मांडवाखाली उभा राहिलो, तो पानांवर एक विलक्षण प्राणी दिसला. काळा, काटेरी, अंगावर नारिंगी डाग, सहा पाय, आणि चालण्याची तऱ्हा थेट मगरीच्या पिलाची. एक नव्हे, वीस-पंचवीस तरी असतील. मी मराठीचा प्राध्यापक. ज्याचे रूप दुष्ट तो खलनायक, हे नाटके शिकवून शिकवून माझ्या अंगात भिनलेले. शिवाय काकूंना आणि आत्यांना काहीतरी करून दाखवावे ही पुरुषांची जुनी खोड! सोनईच्या बाजारातून कीटकनाशकाची भुकटी आणली आणि मांडवावर मनसोक्त धुरळली. पलीकडे कुंपणाला रुईचे झुडूप होते, त्यावर आणखी एक वेल चढला होता. तिथवर हात पोचेना म्हणून तो सोडून दिला.

आत्या परत आली. "हे पांढरं काय रे?"

"किडे मारले, आत्या. वेल खाऊन टाकत होते."

तिने खाली पडलेला एक किडा काडीवर उचलून पाहिला. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाळू, एक तरी पान खाल्लेलं दाखव."

मी शोधले. एकही सापडले नाही.

ती मगरीची पिले म्हणजे ढालकिड्याची बाळे. लाल पाठीवर काळे ठिपके मिरवणारा तो गोंडस भुंगेरा आपण मुलांना हातावर घेऊन दाखवतो ना, त्याचेच हे बालपण! रूप इतके वेगळे की नाते कुणाला सांगून पटू नये. आईही मावा खाते, बाळही मावाच खाते. पानाला तोंडसुद्धा लावीत नाही. मावा मात्र वालाच्या कोवळ्या शेंड्यांत आणि फुलांच्या तुऱ्यांत दडून बसतो. माझी भुकटी वरवर फिरणाऱ्या रखवालदारांना लागली आणि आतले चोर सुखरूप राहिले. त्यातून माव्याच्या मादीला नराचीही गरज नसते. ती जिवंत पिलेच टाकते, आणि ती पिले आठवड्या-दीड आठवड्यात स्वतः आया होतात. ढालकिड्याला अंडी, अळी, कोष असे सगळे सोपस्कार पार पाडायला तीन-चार आठवडे हवेत. मग शर्यत कोण जिंकणार? बारा दिवसांनी आत्याचा फोन आला. वेलाचे शेंडे काळे पडले होते, फुले गळत होती आणि मुंग्यांची रीघ लागली होती. या मुंग्या माव्याचा गोड पाझर चाटतात आणि त्याच्या बदल्यात ढालकिड्यांना हाकलतात. झाडावर मुंग्यांची वर्दळ दिसली की शेंडा उलटून पाहावा, हे मी तेव्हापासून शिकलो.

आत्याचा मुलगा, आमचा दादा, ऊस करतो. माझी समजूत घालायला तोही फोनवर आला. म्हणाला, "तू एकटा नाहीस. अख्ख्या महाराष्ट्रानं ही चूक केली आहे." २००२ सालच्या जुलैत सांगलीकडे उसावर लोकरी मावा दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. पानांखाली पांढरी लोकर, पानांवर काळी बुरशी. लोक घाबरले आणि औषधांचे पंप पाठीला लागले. पुढे त्या लोकरीतच एक अळी फिरताना सापडली. अळी म्हटल्यावर शेतकऱ्याचा हात पंपाकडेच जाणार! पण ही डिफा नावाच्या पतंगाची अळी, आणि तिचे अन्न लोकरी मावा. तिच्या जोडीला मायक्रोमस नावाचा आणखी एक तपकिरी, जाळीदार पंखांचा मित्र निघाला. मग कृषी विद्यापीठे आणि ऊससंस्था सांगू लागल्या की हे दिसतील तिथे फवारू नका. ज्या शेतात ते आहेत तिथली पाने कापून दुसऱ्याच्या शेतात नेऊन लावण्याचा प्रकार तेव्हा दादाने पाहिला. काल जिला मारायला निघालो तिला आज पानासकट उचलून आणायचे! कॅलिफोर्नियात १८८८-८९ मध्ये संत्र्यांच्या बागा वाचवायला असाच एक ढालकिडा ऑस्ट्रेलियाहून आगबोटीने नेला होता म्हणतात, त्यापेक्षा मला ही पानांची देवघेव जवळची वाटते.

आता कुणी म्हणेल, मग ठिपकेवाले सगळेच सज्जन का? इथेच फसगत आहे. वांग्यावर आणि कारल्यावर येणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा याच घराण्यातला, पण पक्का पालेखाऊ. त्याची पाठ चकचकीत नसते, बारीक लव असल्यामुळे मळकट तांबूस दिसते. त्याची अळी पिवळी आणि फांद्यांसारख्या काट्यांची असते आणि ती पानाची जाळी करून टाकते. आडनावावरून माणूस ओळखू नये तसे ठिपक्यांवरून भुंगेरा ओळखू नये. आधी पान पाहावे.

संक्रांतीला मी तिळगुळाचे निमित्त काढून पुन्हा गेलो. मांडव मोकळा होता. आत्याने त्याविषयी अवाक्षर काढले नाही, उलट मला चौकटीच्या कोपऱ्यातले कुंभारणीचे मातीचे घर दाखवले. दार नसल्यामुळे या माशीला तिथे मुक्त वावर! भ्रमर-कीट न्याय मी वीस वर्षे वर्गात शिकवतो: कुंभारीण अळीला घरात कोंडते आणि तिच्या ध्यासाने अळीच कुंभारीण होते. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातले हे घर, म्हणून मी मोठ्या उत्साहाने तो दृष्टान्त आत्याला समजावू लागलो. तिने एक जुने, मोडके घर नखाने उकरले. आत चार हिरव्या अळ्या निपचित पडल्या होत्या आणि त्यांना खात एक पांढरे पिलू बसले होते. "ध्यास कसला? शिदोरी आहे ती," आत्या म्हणाली. "कुणाच्या तरी पाल्यावरच्या अळ्या उचलून आणते बिचारी." दृष्टान्त मी अजूनही शिकवतो, पण ती शिदोरीही सांगतो.

मग ती मला कुंपणाशी घेऊन गेली. रुईवरचा तो एक वेल हिरवागार होता. शनीला वाहायच्या माळांसाठी आत्या हे झुडूप राखते. त्यावर पिवळा मावा गर्दी करून होता आणि त्या गर्दीत माझ्या ओळखीची काळी पिले फिरत होती. हा पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या कुळावरच जगतो, वालाच्या वाटेला जात नाही. म्हणजे माझ्या हाताला न पोचलेल्या त्या जागी रखवालदारांचे जेवण वर्षभर मांडलेले होते आणि तेच शेजारचा वेलही राखत होते. वेलावर सात शेंगा वाळत होत्या.

"वाचलं बी," मी म्हणालो.

"यंदा वाचलं," आत्या म्हणाली. निघताना तिने कागदाच्या पुडीत अकरा दाणे बांधून दिले. मी नको म्हणालो, तर म्हणाली, "एकाच घरात ठेवलं म्हणून तर भीती वाटली."

मृगात ते दाणे नगरच्या आमच्या गच्चीत, दोन मोठ्या कुंड्यांत पेरले. नऊ उगवले. आता वेल कठड्यावर चढला आहे आणि पहिले तुरे दिसू लागले आहेत. तुऱ्यांत थोडा मावाही आला आहे. परवा मुलीने एका पानाखाली पिवळ्या अंड्यांचा लहानसा पुंजका दाखवला, ताठ उभी रचलेली, दाण्यांसारखी अंडी. ढालकिड्याची अंडी अशीच असतात. त्या अठ्ठावीस ठिपकेवाल्याचीही साधारण अशीच. मावा जवळ आहे म्हणून मला पहिल्याची आशा आहे. मुलीने पानाच्या देठाला लाल दोरा बांधून ठेवला आहे आणि आम्ही दोघे रोज सकाळी जाऊन पाहतो.