चाकोरी सोडण्याआधी गाव नकाशा पाहा

शेतकरी बंधूंनो, आपल्या वाशीम जिल्ह्यात आता गाड्यांना तोटा राहिलेला नाही. दारात ट्रॅक्टर आहे, गल्लीत बोलेरो आहे, आणि ज्याचं सोयाबीन दोन साल बरं निघालं त्याच्या पोट्ट्याला फोर बाय फोर जीप पाहिजे आहे. त्यात समृद्धी महामार्ग झाला. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला तो मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण खुला झाला. कारंजा, शेलू बाजार आणि मालेगाव या तिन्ही ठिकाणी त्यावरून उतरता येतं. म्हणजे नागपूरचा माणूस सकाळी निघाला तर जेवणाच्या वेळेआधी आपल्या माळावर हजर.

येऊ द्या. पाहुण्याला नाही म्हणायची आपली रीत नाही. आपल्या पोरांनीही हौस करू नये असं कोण म्हणेल? पण सडक सोडून माळावर, जंगलात किंवा धरणाच्या काठावर गाडी घालायची तर तयारी कशाची करायची, एवढंच इथं सांगायचं आहे. बहुतेक लोक ती डिझेल, डबा आणि स्टेपनीपासून सुरू करतात. माझं म्हणणं असं की ती सात-बाऱ्यापासून आणि गाव नकाशापासून सुरू झाली पाहिजे.

काहून की आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे : सरकारी जमीन म्हणजे कोणाचीच नाही. शेजाऱ्याच्या वावरात कोणी जीप घातली तर आपण काठी घेऊन धुऱ्यावर उभे राहू. तीच जीप ई-क्लासवर गोल गोल फिरली तर गंमत पाहत बसू. पण वऱ्हाडात ज्याला आपण ई-क्लास म्हणतो ती गुरचरणाची जमीन कोणाची? ज्याच्या दाव्याला ढोर आहे आणि ज्याच्याकडे स्वतःचं एक बिघाही नाही, त्याचीच ती आधी. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलं, आणि त्याच वर्षी १२ जुलैला आपल्या राज्यानंही गायरानाबाबत शासन निर्णय काढला. न्यायालयाला जी जमीन गावाची वाटते ती गावालाच आपली वाटू नये, याला काय म्हणावं?

आता नकाशाकडे या. बाहेरून दिसायला सगळं रान सारखंच, पण कागदावर त्याचे चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार वाटांचा. तलाठीभाऊंकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गाव नकाशा असतो. त्यात तुटक दुबार रेषा म्हणजे गाडीमार्ग, त्याची रुंदी १६½ ते २१ फूट. एकच तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदी ८¼ फूट. पायमार्गावर जीप घातली की एक चाक कोणाच्या तरी तुरीत जाणारच. आणि ओल्या दिवसांत पांदण रस्ता चिखलून टाकला तर तुमची सहल दोन तासांत संपेल, पण ज्याचं सोयाबीन त्या वाटेनं बाहेर काढायचं आहे त्याचा हंगाम अडकेल.

दुसरा प्रकार ई-क्लास. इथं सरपंच आणि सचिव यांना विचारल्याशिवाय गाडी घालू नये. कागदी परवानगीचा सोपस्कार म्हणून मी हे सांगत नाही. गवत कुठं राखलं आहे, सलग समतल चर कुठं खोदले आहेत, स्मशानभूमी कुठं आहे, हे गावालाच ठाऊक असतं.

तिसरा प्रकार वनखात्याचा. राखीव वनात विनापरवाना घुसणं हा १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. अभयारण्य असेल तर वाटच निराळी. २००० साली घोषित झालेलं कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आपल्या जिल्ह्यात आहे, काटेपूर्णा अभयारण्य आपल्या सीमेला लागून आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे सहलीसाठी तिथं जायचं तर परवाना लागतो. आणखी एक गोष्ट पोरांना नीट समजावून सांगा. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त बंदूक नव्हे. जनावराचा पाठलाग करणं, त्याला हाकत नेणं, हेसुद्धा शिकारीच्या व्याख्येत बसतं. काळवीट पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि तिथं शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत आहे. काळविटांच्या कळपामागे जीप पळवून चित्रफीत काढणारा पोट्टा स्वतःच्याच हातानं स्वतःविरुद्ध पुरावा तयार करतो.

चौथा प्रकार धरणाच्या काठाचा. एकबुर्जी असो की अडाण, पाणी उतरलं की काठ मैदानासारखा दिसतो. वरून पापुद्रा वाळलेला, खाली गाळ ओला. तिथं रुतलेली गाडी काढायला दुसरा ट्रॅक्टर गेला की तोही रुततो. शिवाय गाळपेरीला दिलेली जमीन असेल तर त्यात कोणाचं तरी बियाणं पडलेलं असतं. आणि एकबुर्जीचं पाणी वाशीम शहर पितं, हे तिथं गाडी धुणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

जागा कळली, आता वेळ. आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते, हे तुम्हाला सांगायला नको. ओल्या मातीवरून जड चाक गेलं की खालची पोकळी दबते आणि तो पट्टा पाणी पीत नाही. माळावर तर हाल आणखी वाईट. तिथं मुरमावर मातीचा थर जेमतेम वीतभर. मारवेल, पवन्या, कुसळी यांच्या मुळांनी ती माती धरून ठेवलेली असते. चाक जागेवर फिरलं की मुळं तुटतात. उताराला सरळ खाली गेलेली चाकोरी पुढच्या पावसात पाण्याची वाट होते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथं ओघळ पडतो. त्या ओघळातून वाहून गेलेली माती गाडीवाला भरून देणार आहे का?

पावसाळ्यात आणखी एक जीव त्या गवतात असतो. तणमोर. २०२१ पासून जगाच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर त्याच्या नोंदी आहेत, आणि तो टिकावा म्हणून इथल्या फासेपारधी मंडळींनी ‘संवेदना’ या संस्थेबरोबर काम केलं आहे. हा पक्षी जमिनीवरच अंडी घालतो आणि त्याचा विणीचा काळ नेमका पावसाळ्यात. चाकाखाली काय गेलं ते चालकाला कळतसुद्धा नाही. म्हणून जून ते सप्टेंबर माळावर गाडी नको, हा साधा नियम करावा. फेब्रुवारीनंतर गवत कडक वाळलं की दुसरा धोका : तापलेल्या सायलेन्सरखाली सुकं गवत अडकलं की वणवा लागायला विडीची गरज पडत नाही. मग उरलं काय? गवत कापून झाल्यावर, दिवाळीनंतरचे थंडीचे दोन-तीन महिने. तेवढे हौसेला पुष्कळ झाले.

तयारीचं म्हणाल तर ती फार नाही. एकटी गाडी नेऊ नका, दोन न्या. जाड दोर, फावडं, दोन फळ्या आणि पाण्याचा कॅन ठेवा. मऊ जमिनीवर टायरची हवा थोडी कमी करा, सडकेवर आल्यावर पुन्हा भरा. गावातला एक वाटाड्या सोबत घ्या आणि त्याची मजुरी ठरवून द्या. जाताना जी चाकोरी धरली तीच येताना धरा, नवी पाडू नका. शेतीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीत मंडळी बसवून सहलीला नेऊ नका. ते कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

कोणी म्हणेल, एवढे नियम लावले तर पाहुणे येतील कशाला आणि गावाला चार पैसे मिळतील कसे? माझं उत्तर उलटं आहे. नियम नसतो तिथं पाहुणा माळ तुडवून फुकट निघून जातो. पुणे जिल्ह्यात इंदापूरचं कडबनवाडी आणि बारामतीचं शिर्सुफळ इथं वनखात्यानं गवताळ रानाची सफारी सुरू केली. लांडगे आणि खोकड पाहायला गाड्या येतच होत्या. त्यांना मार्ग ठरवून दिले, नोंदणी आणि शुल्क ठेवलं, गावची पोरं वाटाडे म्हणून घेतली. रान वाचवायचं आणि पैसाही गावात ठेवायचा, तर वाट ठरवावी लागते. आपल्याकडेही पोहरादेवीच्या यात्रेला गाड्या कुठं थांबवायच्या हे आधी ठरवतोच ना? मग माळासाठी काय अडचण आहे?

सरपंच साहेब, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील, हे तुमच्यासाठी. येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. आपल्या शिवारात गाडी कोणत्या वाटेनं जाईल, कोणत्या महिन्यांत जाणार नाही, गाडीमागे किती शुल्क आणि ते चराईच्या कोणत्या कामाला लागेल, हे लिहून काढा. वनरक्षकाला त्या बैठकीला बोलवा. फलक सडकेवरच लावा, माळाच्या मधोमध नको. मे २०२५ मध्ये महसूल खात्यानं शेतरस्त्यांची नोंद सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घेण्याचं ठरवलं आहे. त्या निमित्तानं नकाशे बाहेर निघतीलच, तेव्हा हेही काम उरकून घ्या. ठरावाला पैसा लागत नाही.

आणि ज्यांच्या दारात नवी जीप उभी आहे त्या तरुण मंडळींना एवढंच : तुमच्या गाडीत कुठंही जायची ताकद आहे, पण गावातल्या ढोरांना चरायला तोच एक माळ आहे. पुढच्या सुट्टीचा बेत कराल तेव्हा पंपावर जाण्याच्या आधी तलाठी कार्यालयात जा. गाव करी ते राव न करी म्हणतात. गावानं वाट ठरवली तर गाडीही जाईल आणि गवतही राहील. नाही ठरवली तर गाड्या जातीलच, आणि वैशाखात ढोरं घेऊन कुठं जायचं हे शोधण्याची पाळी आपल्यावर येईल.