राउंडवर झापणं म्हणजे शिकवणं नव्हे

मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तुम्ही किंवा तुमचं माणूस कधी ॲडमिट झालं असेल, तर सकाळचा राउंड पाहिला असेल. मोठे सर पुढे, मागे रेसिडेंट आणि विद्यार्थ्यांची रांग. एखादा विद्यार्थी चुकतो आणि साऱ्या वॉर्डसमोर ऐकून घेतो, "एवढंही येत नाही? ॲडमिशन कोणी दिली तुला?" तुम्हाला वाटतं, सर कडक आहेत, म्हणजे उपचार चांगले होणार.

मला हे अजिबात पटत नाही. यात नुकसान तुमचंच आहे.

समजा, त्या मुलाने स्टेथोस्कोप शर्टावरूनच लावला आणि छाती फक्त पुढून तपासली. फुफ्फुसाभोवती पाणी साचलं असेल, तर बसलेल्या पेशंटमध्ये ते तळाशी असतं. पाठीकडून तपासलंच नाही, तर ते सुटू शकतं. "अक्कल नाही" म्हटल्याने यातलं त्याला काय कळलं? त्याऐवजी "पेशंटला बसव, शर्ट वर घे, पाठीवर खालपर्यंत दोन्ही बाजूंनी ऐक आणि मला फरक सांग" एवढं म्हणायला अर्धं मिनिट लागतं. पुढच्या पेशंटला त्याचा फायदा होतो.

ही काही माझी नवी कल्पना नाही. अमेरिकेतले डॉक्टर जॅक एंडे यांनी १९८३ साली लिहिलेला लेख आजही वैद्यकीय शिक्षणात वाचला जातो. फीडबॅक स्वतः पाहिलेल्या कृतीवर द्यावा, वेळेवर द्यावा, नेमका द्यावा, माणसावर शिक्का मारू नये, असं त्यांनी मांडलं. चाळीस वर्षं होऊन गेली!

झापण्याचा दुसरा परिणाम जास्त घातक आहे. अपमान झालेला मुलगा चूक करायचं थांबवत नाही, दाखवायचं थांबवतो. रात्री दोन वाजता डोसबद्दल शंका आली, तर तो सरांना फोन करायला कचरतो. आणि समोरच्या खाटेवर तुम्ही असता.

"आम्हीही असेच शिकलो" हे उत्तर मी खूप ऐकलंय. शिकलात, पण झापल्यामुळे की झापूनसुद्धा? हातून इंजेक्शन चुकतंय तेव्हा "थांब!" असं ओरडावंच लागतं, त्याबद्दल तक्रार नाही. ओपीडीतल्या गर्दीत शिक्षक दमलेले असतात, हेही खरं. पण पाणउतारा करायलाही तेवढाच वेळ लागतो.

नुसतं "गुड, गुड" म्हणणंही तितकंच निरुपयोगी. २०१९ पासून एमबीबीएसला नवा अभ्यासक्रम आला. त्याच्या लॉगबुकमध्ये फीडबॅक मिळाल्याची विद्यार्थ्याने सही करायचा रकाना आहे. रकाना उत्तम आहे. पण टर्म संपताना सगळ्या सह्या एका बैठकीत होणार असतील, तर तो फीडबॅक नाही, हजेरीपट आहे.

आणि तुम्ही? सर झापत असताना "हो ना, काल सुई पण नीट टोचली नाही" अशी भर घालू नका. त्या डॉक्टरला नंतर एकटं असताना सांगा, "डॉक्टर, गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, ते तुमच्या बोलण्यातून मला कळलं नाही." किंवा "पोट दाबण्याआधी तुम्ही विचारलंत, बरं वाटलं." या गोष्टी सरांना दिसत नाहीत, कारण त्या वेळी ते तिथे नसतात.