वर्गणी चालते, मग भाषा का नाही?

हॅनोव्हरमध्ये राबणाऱ्यांनो, पगाराची चिठ्ठी नीट बघा. पेन्शन विम्याला पगाराच्या १८.६ टक्के जातात, निम्मे तुमचे, निम्मे मालकाचे. दारू सोडवायचा निवासी उपचार याच विम्यातून मिळतो. साधारणपणे गेल्या दोन वर्षांत सहा महिन्यांची वर्गणी भरलेली हवी. दारूचं व्यसन हा आजार आहे, हे इथल्या सामाजिक न्यायालयाने १९६८ सालीच मान्य केलंय. आणि आपण? "मन घट्ट कर" म्हणतो, नाहीतर गुपचूप विमानात बसवून देतो.

पुण्याचं मुक्तांगण आठवा. १९८६ पासून तिथे नुसती दारू सोडवत नाहीत. माणसाला बोलतं करतात, घरच्यांनाही सोबत घेतात. इथल्या केंद्रांतही गटात बोलणं हाच मोठा उपचार, पण जर्मनमध्ये! पायाला प्लास्टर मुक्यानेही घालता येतं हो, मनातलं कसं सांगायचं? तरी दुभाष्याचा खर्च देण्याची विम्यावर कायद्याने सक्ती नाही. वर्गणी कापताना कुणी विचारलं होतं, जर्मन येतं का म्हणून?

तेव्हा अर्जातच दुभाषी मागा, लेखी. नकारही लेखीच घ्या. हरकत नोंदवायला एक महिना मिळतो.